हरकत नाही, असे लिहून देण्यापूर्वी



गेल्या महिन्यात शहापुरातल्या आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाला टेम्पोने उडवले. पाय मोडला. टेम्पोचा इन्शुरन्स कधीचाच संपलेला. दुसऱ्याच दिवशी चार वडीलधारी माणसे घरी गेली आणि म्हणाली, "आपलाच माणूस आहे, केस घालू नका, क्षमा करा." हे कानावर आले आणि राहवले नाही, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच घडले. माझे दाजी पॉवरलूमवर काम करायचे. रात्रपाळीला जाताना एका गाडीने त्यांना मागून ठोकरले. मांडीचे हाड मोडले, दोन ऑपरेशने झाली. लूमपुढे आठ तास उभे राहणे कायमचे संपले. गाडीमालक उपासनेत आमच्या मागच्या दोन बाकांवर बसणारा. भेटायला आला, रडला, पाकिटात वीस हजार ठेवून गेला. चार दिवसांनी पुन्हा आला. गाडी सोडवायची आहे, तुमचे दोन शब्द लिहून पाहिजेत, म्हणाला. घरात शिकलेला मीच. "गाडी सोडण्यास आमची हरकत नाही" हे वाक्य माझ्या हातचे आहे. आक्काने मी सांगितले म्हणून सही केली.

गाडी सुटली आणि दोन महिन्यांत विकली गेली.

विमा असता तर भरपाई कंपनीने भरली असती. विमा नसला की सगळा बोजा मालकावर पडतो, आणि मालकाकडून वसूल करणे म्हणजे काय ते आम्ही आता शिकतो आहोत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने चार लाख ऐंशी हजार आणि वर व्याज मंजूर केले. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, हे आठवले की आता हसू येते. पैसे येईनात, तेव्हा वकिलांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 खाली अर्ज केला. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देते आणि शेतसाऱ्याची थकबाकी वसूल करतात तशी ही रक्कम वसूल करता येते. पण वसूल कशातून करणार? घर वडिलांच्या नावावर, शेत भावांच्या सामाईकात. त्याच्या स्वतःच्या नावावर काही होते तर ती गाडी, आणि तिच्यावरचा हात आम्हीच काढून घेतला होता. आजवर पासष्ट हजार मिळालेत, तेही तुकड्यातुकड्यांनी.

सुप्रीम कोर्टाने 2018 साली उषा देवी विरुद्ध पवन कुमार या खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितले होते की, अपघात केलेल्या गाडीचा विमा नसेल तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सोडू नये, असा नियम करा. तीन महिन्यांत हमी आली नाही तर गाडीचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरायचे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण हमी मागा, असे उठून सांगणे आमचेच काम होते, आणि आम्ही तर हरकत नाही म्हणून मोकळे झालो होतो.

"सरकार दोन लाख देते की!" असेही सांगणारे भेटतात. ते दोन लाख धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर, आणि तेही माणूस गेला तर मिळतात. गंभीर जखमीला पन्नास हजार. गाडी आणि मालक समोर असताना ते मागता येत नाहीत. मात्र 5 मे 2025 पासून केंद्राची एक योजना आहे. तीत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळतात, गाडीला विमा असो वा नसो. आमच्या वेळी ती नव्हती.

वेळेचेही बघा. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तडजोडीच्या बैठकांत ती सहज निघून जाते. आपल्या सीमाभागातल्या लोकांना वाटते की अपघात कागलजवळ झाला म्हणजे कोल्हापूरला खेटे घालावे लागणार. तसे नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा घालता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. बायका आणि अपंगांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आता क्षमेविषयी. त्या माणसावर माझा राग नाही, उपासनेनंतर आम्ही हात मिळवतो. पण पाय दाजींचा मोडला आणि घर आक्का शिवणकामावर चालवते. त्यांच्या वाट्याचे माफ करून टाकण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? जक्कयाच्या घरी तारण आले, तेव्हा त्याने नुसती माफी मागितली नाही, चौपट परत करण्याची तयारी दाखवली. आपल्याकडे मात्र क्षमेचा उपदेश नेहमी खाटेवर पडलेल्यालाच होतो. त्या चार वडीलधाऱ्यांनी आधी टेम्पोमालकाच्या घरी जाऊन हमीची रक्कम कोर्टात भरायला लावली असती, तर मीच त्यांच्यासोबत गेलो असतो.

त्या मुलाच्या आईला मी एवढेच सांगून आलो आहे की, भेटायला येणाऱ्यांना चहा द्या, पण वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका. टेम्पो अजून स्टेशनच्या आवारात उभा आहे.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव