राखणदाराचा पगार कोण देतं?

लॉबिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुटकेस घेतलेला माणूस उभा राहतो. खरं तर सरकारकडे जाऊन आपलं म्हणणं मांडण्यात गैर काहीच नाही. निर्यातबंदी उठवा म्हणून आमचे कांदावालेही दिल्ली गाठतात. गैर आहे ते लपूनछपून करणं. २०१२ साली वॉलमार्टच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झाला, आठवतंय? कंपनीने अमेरिकेत लॉबिंगवर केलेल्या खर्चात भारतातल्या गुंतवणुकीचाही विषय होता. आणि हे आपल्याला कळलं कसं? तर तिथे असा खर्च जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे म्हणून! आपल्याकडे लॉबिस्टांची नोंद ठेवणारा कायदाच नाही.

समजा, उद्या झाला कायदा. मग त्यावर देखरेख करणारा अधिकारी नेमणार कोण? ज्यांच्या दारात लॉबिस्ट बसलेले असतात, तेच ना! टेस्टरचं अप्रेझल डेव्हलपमेंट मॅनेजरच्या हातात दिलं तर किती बग नोंदवले जातील, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. कॅनडात लॉबिंग आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता लागते, मुदत ७ वर्षांची असते आणि मध्येच काढायचं तर पुन्हा दोन्ही सभागृहांनी तसं म्हणावं लागतं. एखाद्या मंत्र्याला राग आला म्हणून घरी पाठवता येत नाही.

आमच्या तिसगावात (ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं अहमदनगर) असा विषय काढला की हमखास एकच उत्तर मिळतं, "माणूस चांगला पाहिजे, बाकी काय!" जिल्हाच अण्णा हजारेंचा, त्यामुळे चांगल्या माणसावर आमची श्रद्धा जरा जास्तच. पण मला हे उत्तर पटत नाही.

शेजारचं कर्नाटक घ्या. लोकायुक्त संतोष हेगडेंचा खाणींवरचा अहवाल २०११ साली आला आणि येडियुरप्पांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. चांगला माणूस होता, हाताखाली पोलीसही होते. हेगडे गेल्यावर, २०१६ साली, तिथल्या सरकारने स्वतःच्या हाताखाली वेगळा भ्रष्टाचारविरोधी विभाग काढला आणि भ्रष्टाचाराच्या तपासाचे अधिकार लोकायुक्तांच्या पोलिसांकडून काढून घेतले. २०२२ साली उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द केला. पण मधली सहा वर्षं गेली ती गेलीच. त्या काळात खुर्चीवर कितीही चांगला माणूस असता तरी काय करणार होता?

महाराष्ट्राची तर आणखी मजा. लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारं आपलं पहिलं राज्य, १९७१चा कायदा. पण त्या कायद्याने लोकायुक्तांना अधिकार दिला तो शिफारशीचा. ऐकायचं की नाही, ते सरकारने ठरवायचं. नवं विधेयक २०२२ साली विधानसभेत आणि २०२३ साली परिषदेत मंजूर झालं. त्यात मुख्यमंत्रीही चौकशीच्या कक्षेत आले, पण आधी सभागृहाची दोनतृतीयांश बहुमताने परवानगी घ्यायची! म्हणजे ज्यांच्या बहुमतावर मुख्यमंत्री बसले आहेत, त्यांनाच विचारायचं, "चौकशी करू का?"

माहिती आयुक्तांचं प्रकरण यापेक्षा शांतपणे झालं. ज्या माहिती अधिकारासाठी राळेगणच्या अण्णांनी उपोषणं केली, त्याच्या २००५च्या कायद्यात आयुक्तांची मुदत ५ वर्षं (वयाची ६५ वर्षं होईपर्यंत) आणि पगाराची पातळी, दोन्ही लिहिलेलं होतं. २०१९च्या दुरुस्तीने दोन्ही गोष्टी केंद्र सरकारने ठरवायच्या झाल्या, अगदी राज्यांच्या आयुक्तांच्यासुद्धा. नियम आले, मुदत ३ वर्षांवर आली. कुणालाही बडतर्फ केलं नाही, कुणाला धमकी दिली नाही. फक्त दोरी सरकारच्या हातात आली. एवढं पुरतं. मुदत संपत आली की माणूस आपोआप सांभाळून लिहू लागतो.

स्वातंत्र्य हा माणसाचा स्वभाव नाही, ती व्यवस्था आहे. शेताला राखणदार ठेवताना आपण तो प्रामाणिक आहे का हे बघतोच. पण त्याची भाकरी ज्याची गुरं शेतात घुसतात त्याच्या घरून येत असेल, तर प्रामाणिकपणा किती दिवस टिकणार? म्हणून यापुढे कुठल्याही आयुक्ताची, लोकायुक्ताची नेमणूक झाली की "माणूस कसा आहे?" एवढ्यावर थांबू नका. नेमलं कुणी, काढणार कोण, पगार आणि मुदत कोण ठरवतं, हाताखालचे लोक कुणाचे, आणि अहवाल दाबता येतो का, हे पाच प्रश्न विचारा. पाचही उत्तरांत एकाच ऑफिसचं नाव आलं, तर कुंपणच शेत खाणार हे पक्कं समजा.