कोळंबी रोहतकात, संस्था वेसाव्यात

अंधेरीच्या वेसाव्यात, कोळीवाड्यापासून जवळच, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९७९मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली आणि १९८९मध्ये अभिमत विद्यापीठ झाली.

हरियाणात रोहतकजवळ भूजल खारवल्याने जमिनी पडीक झाल्या. त्या पाण्यात पोटॅशियम कमी असते. ते बाहेरून घालून संस्थेच्या शास्त्रज्ञांनी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर तळ्यांत कोळंबी वाढवून दाखवली. सरकारी संशोधनाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी ही तळी जरूर पाहावीत.

अशा सरकारी संस्थांत सुधारणा मात्र हवीच. नुसती मालकी खासगी हातांत देऊन ती होणार नाही. रिकाम्या जागा वेळेवर भरा, उपकरणखरेदीचे अधिकार संचालकांना द्या आणि बढती देताना शोधनिबंधांच्या जोडीने मच्छीमाराच्या पदरात काय पडले, तेही तपासा.