सहिष्णुता की परवाना?

प्राचीन रोम धर्माच्या बाबतीत उदार होता, ख्रिस्ती धर्म आला आणि असहिष्णुता शिरली, हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की त्याचा पुरावा मागण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. गिबनच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला. त्याने या मताला दिलेला भारदस्तपणा अजून ओसरलेला नाही. आम्हांला मात्र हे मत मान्य नाही.

रोमने परके देव स्वीकारले, हे खरेच. इ.स.पू. २०४ मध्ये आशिया मायनरमधून सिबिली देवीला सन्मानाने आणले गेले. पण प्रजासत्ताकाच्या काळात तिचे पौरोहित्य रोमन नागरिकांना निषिद्ध होते. इ.स.पू. १८६ मध्ये सिनेटने बाक्खसच्या उपासनेवर निर्बंध घातले. त्या हुकमाचा ब्राँझचा पत्रा आज व्हिएन्नात आहे. परवानगी मिळाली तरी विधीला दोन पुरुष आणि तीन स्त्रिया, याहून अधिक माणसे नकोत. सामाईक निधी नको. कैदेत टाकलेल्यांपेक्षा ठार केलेले अधिक होते, असे लिव्ही सांगतो. ख्रिस्ताच्या जन्माला तेव्हा जवळजवळ दोन शतके अवकाश होता!

इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाहून प्लिनीने विचारले, ख्रिस्ती लोकांचे काय करावे? त्राजानचे उत्तर असे : त्यांना शोधत फिरू नये, निनावी तक्रारी घेऊ नयेत, पण आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करावी, देवांची पूजा करून दाखवली तर सोडून द्यावे. या उत्तरातला संयम आम्ही नाकारत नाही. परंतु मनात काय आहे याची ही चौकशीच नव्हे. हात धूप वाहतो की नाही, एवढेच पाहायचे होते. पुढे डेशियसच्या काळात, इ.स. २५० मध्ये, बळी दिल्याचे दाखलेच लिहून घ्यावे लागले. इजिप्तच्या वाळूत ते सापडले आहेत.

यावर कुणी म्हणेल, ख्रिस्ती सम्राटांनी तर मंदिरेच बंद केली. केलीच. इ.स. ३८४ मध्ये सिमॅकसने विजयदेवतेच्या वेदीसाठी केलेली विनवणी अँब्रोजच्या विरोधापुढे फोल ठरली. पण सत्याकडे जाण्याच्या वाटा अनेक असतात, हे सांगणारे रोमचे सर्वांत सुंदर गद्य पराभूत पक्षाच्या लेखणीतून उतरले, याचा अर्थ काय? प्लिनी अधिकारपदावरून लिहितो तेव्हा त्याच्या पत्रात हा सूर नाही.

लॅटिन शब्द घ्या किंवा आपला ‘सहिष्णुता’ घ्या, दोहोंच्या मुळाशी ‘सोसणे’च आहे. म्हणून हे ग्रंथ वाचताना एक प्रश्न विचारावाच : कोण कुणाला सोसतो आहे, आणि सोसणे थांबवण्याचा अधिकार कुणाच्या हाती आहे? जो अधिकार एका सहीने काढून घेता येतो, त्याला आम्ही परवाना म्हणतो.