पणजीला शोधायचं तर माहेरातून

आमच्या घराण्याची वंशावळ वडिलांनी मोठ्या कष्टानं लिहून काढली होती. सात पिढ्या, आणि सगळे पुरुष. पणजोबा ऐन तिशीत गेले, पणजीनं जमीन राखली, आजोबांना वाढवलं, म्हणून आज आम्ही आहोत. हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण ती कुणाची लेक, कुठल्या गावची, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

2023 पासून मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींच्या निमित्तानं गावोगावची जुनी दप्तरं बाहेर निघाली. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळून लोकांनी आपले आजे-पणजे शोधले. इंग्रजी अमदानीतल्या या दप्तरात बाईचा माग काढणं मात्र फार अवघड. जन्माची नोंद बापाच्या नावावर. पुढं लग्नात आडनाव बदलायचं, गाव बदलायचं आणि पुष्कळदा नावही बदलायचं. रमाबाई रानडे आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी, दोघीही माहेरच्या यमुना. एवढ्या नामवंत बायकांची ही गत, तर शेतकऱ्याच्या घरातल्या बाईचं काय!

मला पणजी पहिल्यांदा भेटली ती एका गहाणखतात. दस्त मोडी लिपीत होता, जाणकाराकडून वाचून घेतला. साल 1941. लिहून देणार म्हणून तिचं नाव, ‘स्वतःकरिता व अज्ञान मुलाची अ. पा. क. आई’. अज्ञान पालनकर्ती, म्हणजे मुलगा सज्ञान होईपर्यंत त्याच्या वाट्याचा कारभार पाहणारी. पुढं ‘वय अजमासे 28, धंदा शेती’. खाली ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आणि शाईचा तो ठसा, मधोमध एक आडवी चीर गेलेला. ती चीर विळ्याची असेल का, या विचारानं मी किती तरी वेळ त्या ठशाकडे पाहत राहिले. ‘धंदा शेती’ या दोन शब्दांनी तर मला हलवून सोडलं. घरात तिच्याबद्दल बोलताना शेत नेहमी पणजोबांचं असायचं आणि ती ‘घर सांभाळायची’. दस्त लिहिणाऱ्यानं मात्र तिचा धंदा नेमका लिहिला होता.

तिच्या माहेराचा पत्ता लागला तो नाशिकला. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावानुसार यजमानांच्या नोंदी असतात. आमच्या आडनावाखाली ती सापडली नाही. नात्यातल्या एका आजींना तिच्या भावाचं गाव तेवढं आठवत होतं. त्या गावाची पानं काढली आणि तिथं भावाच्या कुटुंबात ‘बहीण’ म्हणून ती होती. विधवा बहिणीला गोदावरीवर भावानं नेलं होतं. तिचं माहेरचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं त्या एका ओळीत मिळालं.

सासरच्या कागदांत बाई दिसते ती कर्ज, वारसा किंवा मृत्यूच्या वेळी. ती कुणाची कोण, हे माहेरकडून कळतं. म्हणून शोध घेणाऱ्यांनी तिच्या भावांची गावं, मावश्यांची घरं, लग्नातल्या आहेराच्या याद्या आधी धुंडाळाव्यात. घरातल्या वयस्कर बायकांना आजच विचारावं. त्यांच्या आठवणीत जे आहे ते कुठल्याही कचेरीत नाही.

1 मे 2014 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आता आईचं नाव बंधनकारक झालं आहे. सरकारनं हे केलं, तर आपल्या वंशावळीत आपण ते का करू नये? प्रत्येक सुनेपुढं तिचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव लिहा. प्रत्येक लेकीपुढं तिचं सासर लिहा. आमची वंशावळ मी तशी नव्यानं लिहायला घेतली आहे. तिच्यात पणजीच्या नावापुढं तिच्या वडिलांचं नाव आहे, गाव आहे आणि तिचा धंदाही आहे: शेती.