परित्यक्त आज्ञावल्या आणि त्यांची संहिता

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाची आज्ञावली ही कायद्याच्या दृष्टीने ‘साहित्यकृती’ ठरली. कादंबरी, कवितासंग्रह, कोश यांच्या पंक्तीला ती बसली. साहित्याच्या अभ्यासकांना या घटनेची दखल घ्यावीशी वाटली नाही, हे स्वाभाविकच होते. कारण ही सोय संरक्षणापुरती होती, आज्ञावलीच्या वाङ्मयीन गुणांविषयी कायद्याला काही म्हणावयाचे नव्हते. तथापि साहित्यकृतीचे हक्क एकदा दिले, की साहित्यकृतीची कर्तव्येही अपेक्षिणे गैर नाही. त्यांतील पहिले कर्तव्य असे, की कृतीची संहिता कोणाला तरी, केव्हा तरी वाचता आली पाहिजे. आज्ञावल्यांच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही.

आज्ञावलीला दोन रूपे असतात. एक, माणसाने लिहिलेली मूळ संहिता. तिच्यात शब्द असतात, रचना असते, लेखकाने सहकाऱ्यांसाठी लिहून ठेवलेल्या टिपा असतात. दुसरे, त्या संहितेवरून यंत्रासाठी तयार केलेले संकेतरूप. व्यापारी आज्ञावल्यांत सामान्यतः विकले जाते ते दुसरे. प्रकाशक बंद पडला तरी ग्रंथालयातील पुस्तक वाचता येते. आज्ञावली विकणारी कंपनी बंद पडली म्हणजे ग्राहकाच्या हाती जे उरते ते चालते, परंतु वाचता येत नाही. आणि ते ज्या यंत्रावर चालत होते ते यंत्र नाहीसे झाले, की चालणेही संपते. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्याव्या लागतात. आज्ञावलीच्या संहितेला हा नियम लागू नाही. प्रताधिकाराची नोंदणी ऐच्छिक आहे. आणि ती करणाऱ्यानेही, २०२१ च्या नियमांप्रमाणे, संहितेची पहिली १० व शेवटची १० पाने दिली की पुरते. कादंबरीची एवढीच पाने सांभाळून ती जतन केली असे कोणी म्हणणार नाही.

संरक्षणाची मुदत मात्र पुरेपूर आहे : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. समजा, १९८५ साली तिशीतल्या कोणी एक आज्ञावली लिहिली आणि त्याला ८० वर्षांचे आयुष्य लाभले, तर ती २०९५ अखेरपर्यंत बंदिस्त राहील. चुंबकीय चकती इतकी टिकत नाही. म्हणजे समाजाने काही काळ मक्तेदारी द्यावी आणि मुदत सरल्यावर कृती समाजाला परत मिळावी, या प्रताधिकारामागील कराराची समाजाने आपली बाजू पाळावी, आणि मुदतीअखेर परत घेण्यासारखे काही उरूच नये, असा हा व्यवहार आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या एप्रिल महिन्यात, आय. बी. एम. च्या सहकार्याने, १९८८ सालच्या एमएस-डॉस ४.०० ची संहिता मुक्त परवान्याखाली खुली केली. त्यामागची हकिकत उद्‌बोधक आहे. जुन्या प्रणालींच्या एका अभ्यासकाने डॉसच्या एका विस्मृत, एकाच वेळी अनेक कामे करू शकणाऱ्या आवृत्तीविषयी रे ओझी यांच्याशी पत्रव्यवहार केला. ओझी यांच्यापाशी तिच्या काही चकत्या निघाल्या. कंपनीने मग आपल्या दप्तरखान्यात शोध घेतला. त्या आवृत्तीची संपूर्ण संहिता तेथे सापडली नाही. सापडली ती ४.०० ची. जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी एकीच्या दप्तरात ही स्थिती, तर मोडीत निघालेल्या लहान कंपन्यांची काय असेल? १९८९ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाचे कर्ते जॉर्डन मेकनर यांची मूळ संहिता कित्येक वर्षे हरवलेली होती. २०१२ साली वडिलांच्या कपाटात तिच्या चकत्या योगायोगाने सापडल्या, म्हणून ती आज वाचता येते.

आपल्याकडील हस्तलिखितांची परंपरा यासंदर्भात आठवावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती देशभर विखुरलेल्या पोथ्यांच्या आधारावर. प्रती करणारे हात अनेक होते, म्हणून काही पोथ्या कसरीने खाल्ल्या तरी काव्य उरले. आज्ञावलीच्या संहितेची प्रत करणेच निषिद्ध असल्याने तिचे अस्तित्व एखाद्या कपाटावर अवलंबून राहते.

संहिता खुली करणे म्हणजे नुसती ती दाखविणे नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली रचलेल्या सीपी/एम या प्रणालीचे हक्क हस्तांतरित होत गेले. २००१ साली तत्कालीन हक्कधारकाने एका संग्रहाला ती वितरित करण्याची अनुमती दिली. पण ती त्या संग्रहापुरतीच की सर्वांना, हे शब्दांतून निश्चित होईना. संदेह फिटला तो २०२२ साली, नव्याने खुलासा झाला तेव्हा. एका सैल वाक्याने २१ वर्षे खाल्ली. डॉसच्या आरंभीच्या दोन आवृत्त्याही २०१४ साली कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयामार्फत केवळ अभ्यासासाठी उपलब्ध झाल्या होत्या. त्या वापरण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मोकळीक २०१८ साली मिळाली. अवलोकनाची परवानगी इतिहासकाराला पुरेल. दुरुस्ती करू पाहणाऱ्याला ती पुरत नाही.

त्या मोकळिकीने काय साधते, याचे उदाहरण नेदरलँड्समधील आहे. त्रिमितीय चित्रणाची ‘ब्लेंडर’ ही आज्ञावली ज्या कंपनीची होती ती २००२ साली बंद पडली. टोन रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी १,००,००० युरोंचा सौदा ठरविला. वापरकर्त्यांनी ती रक्कम सात आठवड्यांत उभी केली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये संहिता मुक्त झाली. २०२५ साली सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचे नव्हे, तर सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळविणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियन दिग्दर्शकाचा चित्रपट तीवरच तयार झाला. हिशेबवहीत निकामी ठरलेली वस्तू संस्कृतीच्या दृष्टीने निकामी असतेच असे नाही.

आक्षेप आहेत, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. आज्ञावलीत पुष्कळदा इतरांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात. ते मालकाला वाटून टाकता येत नाहीत. परंतु ‘डूम’ या खेळाची संहिता १९९७ साली खुली झाली तेव्हा परकीय मालकीचा ध्वनिविभाग वगळून बाकीची दिलीच गेली. खेळातील चित्रे व रचना यांवरील हक्क कंपनीने राखून ठेवले. तेव्हा संहिता दिल्याने धंदा बुडतो, हा आक्षेपही सरसकट टिकत नाही. हक्क नेमके कोणाकडे आहेत हेच ठाऊक नसणे, ही अडचण अधिक खरी. आणि ती दर विक्रीगणिक, दर विलीनीकरणागणिक वाढते. म्हणूनच उशीर हा येथे तटस्थ नसतो.

भारतीय भाषांच्या दृष्टीने हा प्रश्न परका नाही. १९९१ साली ‘इस्की’ हे मानक जाहीर झाले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तथापि मुद्रणव्यवसायात निरनिराळ्या निर्मात्यांचे टंक पुढेही दीर्घकाळ आपापल्या संकेतांनी चालले. रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा ‘क’ असे तुकडे बसविलेले असत. तो टंक नसेल तर मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. बंगाली, तमिळ, कन्नड यांचीही हीच कथा. प्रचलित टंकांसाठी परिवर्तक झाले आहेत. परंतु ते पुष्कळदा तर्काने रचलेले, त्यामुळे जोडाक्षरे व रफार कित्येकदा चुकतात, आणि दुर्मिळ टंकांसाठी तेही नाहीत. छापील प्रत आहेच, हे उत्तर अपुरे आहे. कोशांची टिपणे, प्रबंधांचे खर्डे, न छापलेली भाषांतरे यांना छापील प्रत नसते.

यास्तव दोन गोष्टी तरी व्हाव्यात. शासकीय अनुप्रयोगांची संहिता खुली करण्याचे धोरण केंद्र शासनाने २०१५ साली जाहीर केले. सार्वजनिक पैशातून झालेल्या आणि आता वापरातून गेलेल्या भाषिक आज्ञावल्यांनाही ते पूर्वलक्षी प्रभावाने लागू व्हावे. आणि खाजगी निर्मात्यांनी, सर्व संहिता देणे जमत नसेल तर, निदान टंकांचे संकेततक्ते आणि दस्तऐवजांची रचना निःसंदिग्ध परवान्याने प्रसिद्ध करावी. त्यांच्या विक्रीला यामुळे धक्का लागणार नाही, कारण त्या वस्तूंची विक्री केव्हाच थांबलेली आहे. ते तक्ते ज्यांनी रचले ती माणसे आज हयात आहेत आणि विचारले तर सांगू शकतात. आणखी वीस वर्षांनी विचारावयाचे कोणाला, हा प्रश्न उरेल.