वेळेचा विक्रम आणि सावडीचे श्रम

विक्रम हा घड्याळाने दिलेला निकाल असतो आणि त्या निकालावर अपील नसते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मैदानावरील शंभर मीटरच्या शर्यतीपुरती ती खरीही असेल. इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत मात्र गेली नव्वद वर्षे एक अशी धाव चालत आलेली आहे, की तिच्यातील विक्रमांचे आकडे जितके चोख दिसतात तितका त्यांचा अर्थ चोख नाही. ‘बॉब ग्रॅहॅम राउंड’ या नावाने ही धाव ओळखली जाते. केझिक गावातील मूट हॉलच्या दारातून निघावयाचे, बेचाळीस शिखरे पायाखाली घालावयाची आणि चोवीस तासांच्या आत त्याच दाराशी परतावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. अंतर सुमारे ६६ मैल, म्हणजे १०६ किलोमीटर. त्यातील सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक हे अवघे ९७८ मीटरचे असले, तरी बेचाळीस चढांची बेरीज २७ हजार फुटांच्या घरात जाते आणि एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा ती फारशी मागे राहत नाही. या धावेला बक्षिसाची रक्कम नाही आणि ठरलेला दिवसही नाही. ज्याला वाटेल त्याने, वाटेल त्या दिवशी निघावे.

केझिकचे डॉक्टर वेकफिल्ड यांनी १९०५ साली चोवीस तासांत जास्तीत जास्त शिखरे गाठण्याचा एक उच्चांक केला होता. हेच वेकफिल्ड पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होते. त्यांचा उच्चांक १९२० मध्ये मोडला गेला आणि जून १९३२ मध्ये बॉब ग्रॅहॅम या गृहस्थाने बेचाळीस शिखरांची फेरी २३ तास ३९ मिनिटांत पुरी केली. ग्रॅहॅम केझिकमध्ये पाहुण्यांसाठी निवासगृह चालवीत असे. त्याच्या पायांत टेनिसचे बूट होते आणि शिदोरीत पाव-लोणी, उकडलेली अंडी, फळे असला साधा ऐवज होता. त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षे कोणालाही ही फेरी चोवीस तासांत जमली नाही. १९६० मध्ये अ‍ॅलन हीटन यांनी ती २२ तास १८ मिनिटांत केली आणि १९७१ मध्ये ती पुरी करणाऱ्यांचा क्लब स्थापन झाला. १९८२ साली बॉरोडेल खोऱ्यातील बिली ब्लँड या पाथरवटाने १३ तास ५३ मिनिटांची वेळ नोंदवली. ही वेळ छत्तीस वर्षे टिकली. २०१८ मध्ये स्पेनच्या किलियन जोर्नेत यांनी ती १२ तास ५२ मिनिटांवर आणली आणि २०२२ मध्ये जॅक कुंझले या अमेरिकन धावपटूने १२ तास २३ मिनिटांवर.

आकडे असे ओळीने मांडले की घटत्या फलाचा नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. पहिल्या पन्नास वर्षांत पावणेदहा तास वाचले. पुढच्या चाळीस वर्षांत अवघा दीड तास. परंतु १९३२ चा तास आणि २०२२ चा तास ही एकाच मूल्याची नाणी धरून वजाबाकी करणे म्हणजे तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया एकाच पारड्यात घालण्यासारखे आहे. किंमतींची तुलना करताना अर्थशास्त्र त्या आधी स्थिर पातळीवर आणून घेते. येथे तसे करावयाचे तर हिशेबात काय काय धरावे लागेल? ग्रॅहॅमपुढे मळलेली वाट नव्हती. त्याच्या मागून गेलेल्या हजारो पावलांनी गवतात आणि दगडांत जी रेघ उमटवली आहे, ती आजच्या धावपटूला आयती मिळते. बुटांचे वजन उतरले, आहाराचे शास्त्र वाढले. हवामानाचा अंदाज पूर्वीपेक्षा भरवशाचा झाल्यामुळे चांगला दिवस निवडणेही सोपे झाले. स्काफेल पाइक आणि स्काफेल यांच्यामध्ये ‘ब्रॉड स्टँड’ नावाचा एक कातळटप्पा आहे. तो कोरडा असला तर थोडक्यात वर चढता येते. ओला असला तर जीव सांभाळून दूरच्या वाटेने वळसा घालणे शहाणपणाचे. तेथे जाणारी मिनिटे कोणाच्या खात्यावर मांडावयाची?

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. जोर्नेत सकाळी सहाला निघाले आणि संध्याकाळी सातच्या आत परतले. त्यांना रात्र लागलीच नाही. जो सामान्य धावपटू २३ तास ५० मिनिटांत कसाबसा दाराशी पोहोचतो, त्याला मात्र जूनमधली का होईना, एक अख्खी रात्र विजेरीच्या उजेडात त्याच कड्यांवरून काढावी लागते. तो अकरा तास जास्त जागा असतो, जास्त भिजतो आणि जास्त वेळा ठेचाळतो. दोघांनी केलेले काम एकच, असे म्हणणे धाडसाचे आहे. क्लबने याबाबतीत दाखवलेला शहाणपणा लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच्या सदस्यत्वाची अट चोवीस तासांची. ती पुरी केली की बारा तासवाला आणि तेवीस तासवाला एकाच पंक्तीला बसतात. अशा सदस्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली आहे.

परंतु या धावेचे खरे भांडवल घड्याळात किंवा बुटांत नाही. क्लबचा नियम असा, की प्रत्येक शिखरावर धावपटूबरोबर कोणीतरी साक्षीला असले पाहिजे. त्यामुळे एकट्याने केलेली फेरी क्लब मान्य करीत नाही. हे सोबती टप्प्याटप्प्याने बदलतात; पाणी, खाणे, कपडे वाहतात, धुक्यात दिशा दाखवितात आणि रात्री दोन वाजता डनमेल रेझच्या घाटरस्त्यावर चहा गरम करून ठेवतात. या श्रमांना मोबदला नसतो. मात्र ज्याची फेरी पुरी झाली, त्याने पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी फेरीत ओझे उचलावे, असा अलिखित संकेत आहे. आपल्या खेड्यांतील सावड याहून फार वेगळी नाही. फरक एवढाच, की सावडीत ज्याच्या शेतावर राबलो तोच उद्या आपल्या शेतावर येतो, तर येथे ऋण एकाचे आणि फेड तिसऱ्याची. गेली पन्नास वर्षे ही उसनवारी चालू आहे आणि तिचा हिशेब ठेवणारी पेढी अद्याप कोणी काढलेली नाही.

वेगाच्या विक्रमांचे आकर्षण वाढू लागल्याने या व्यवस्थेलाच धोका आहे. पादत्राणे विकणाऱ्या कंपन्यांना विक्रमवीर हवा असतो. विक्रमवीराला चित्रण करणारे हवे असतात आणि त्याच्या गतीने धावू शकणारे सोबती तर मोजकेच मिळतात. उद्या त्या मोजक्यांना रोजंदारी मिळू लागली, तर ज्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला आपली एकमेव फेरी करावयाची आहे, त्याच्यासाठी रात्री डोंगरावर कोण उभे राहील? ज्या श्रमाला आज किंमत नाही, त्याला एकदा किंमत लागली की फुकट काम करणारा स्वतःला मूर्ख समजू लागतो, हा अनुभव नवा नाही.

निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे, की आजवर जे घडले ते या भीतीच्या उलटच आहे. जोर्नेत व्यावसायिक खरे. पण ते गाजावाजा न करता आले आणि त्यांच्याबरोबर धावले ते तेथीलच डोंगरधावपटू. मूट हॉलपाशी त्यांचे स्वागत करावयास खुद्द बिली ब्लँड हजर होते. अशा उदारपणावर व्यवस्था चालावी हे चांगलेच. पण केवळ त्याच्यावर विसंबून राहणे चांगले नाही. उपग्रहाच्या साहाय्याने पावलागणिक स्थान नोंदविणारी उपकरणे आता मनगटावर आली आहेत आणि ती पुराव्याला पुरेशी असताना माणसाची साक्ष कशाला, असा युक्तिवाद सहज सुचण्यासारखा आहे. तो तर्काला धरूनही आहे. ज्याला मित्र नाहीत किंवा जो दूर देशाहून एकटा येतो, त्याच्यावर क्लबचा नियम अन्याय करतो हेही कबूल केले पाहिजे. तथापि हा नियम सैल करणे ही चूक होईल. साक्षीदाराची अट पुराव्यासाठी घातली गेली असेल. प्रत्यक्षात तिने निर्माण केली ती देवाणघेवाण. यंत्र पुरावा देईल, पण ते दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, की पुढच्या वर्षी कोणाच्या हाकेला ओ देणार नाही.

स्त्रियांच्या विक्रमांची कथा या संदर्भात बोलकी आहे. पहिली स्त्री ही फेरी पुरी करून क्लबात आली ती १९७७ साली, ग्रॅहॅमनंतर पंचेचाळीस वर्षांनी. २०१६ मध्ये जॅस्मिन पॅरिस या पशुवैद्य बाईंनी १५ तास २४ मिनिटांची वेळ दिली आणि २०२० मध्ये बेथ पास्कॉल या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी ती १४ तास ३४ मिनिटांवर आणली. ज्या ब्लँड यांच्या वेळेपुढे पुरुषांची एक अख्खी पिढी हतबल झाली होती, तिच्यापासून हे अंतर अवघे ४१ मिनिटांचे. घटत्या फलाचा नियम येथे अजून लागू झालेला दिसत नाही, याचे कारण स्नायूंमध्ये शोधण्याची गरज नाही. घरची कामे, मुले आणि नोकरी सांभाळून आठवड्याचे कित्येक तास डोंगरावर घालविण्याची मोकळीक बायकांना उशिरा मिळू लागली, आणि ती अजून थोड्यांनाच मिळाली आहे.