पहाटे न जागणारा मालट्रक

दिल्लीच्या उत्तर भागात, कर्नालकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर वसलेले आहे. देशाच्या सर्व दिशांना जाणारा माल येथे उतरतो आणि चढतो. पौषातल्या धुकट पहाटे अशा ठिकाणी एक आवाज हमखास कानी येतो. सेल्फ कुरकुरतो, इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. नव्या गाड्या निघून जातात आणि जुनी गाडी मागे राहते.

ज्या कुटुंबाची सारी मिळकत एकाच मालट्रकवर अवलंबून आहे, त्याला ही कुरकूर महागात पडते. माल वेळेवर पोहोचत नाही, भाडे हातचे जाते. घाबरलेला मालक 'डिझेल पंप उतरवा' हा सल्ला लगेच मानतो आणि मोठी रक्कम खर्चून बसतो. पुष्कळदा दोष मात्र काही रुपयांच्या तांब्याच्या वॉशरमध्ये असतो. तो कसा ओळखावा, हे आज पाहू.

हा प्रश्न दिल्लीपुरताच नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना दिल्ली व राजधानी परिसरात बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. पुढे या बंदीचा न्यायालयात फेरविचारही झाला. परंतु तेव्हापासून तेथील अनेक जुन्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेणारे कुटुंब जळगावचे असो वा लातूरचे, तिच्या खोडी त्याला ठाऊक असल्या पाहिजेत.

प्रथम इंजिनाची रीत समजून घेऊ. रूडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली ज्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तीत डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेटतो. म्हणून दोन गोष्टी हव्यात : हवा पुरेशी तापली पाहिजे आणि फवारा जोराने आला पाहिजे. जमशेदपूरला १९५४ साली टाटा-मर्सिडीज-बेंझ मालट्रक बनू लागले, तेव्हापासून कित्येक दशके आपल्या गाड्यांत हा फवारा यांत्रिक डिझेल पंपानेच दिला आहे. पुढील विवेचन अशाच गाड्यांना लागू आहे.

डिझेलच्या वाटेचे तीन टप्पे आहेत. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. फीड पंपापासून फिल्टरमार्गे मुख्य पंपापर्यंत ते हलक्या दाबाने, म्हणजे वातावरणाच्या दाबाहून सुमारे एक-दोन पट जादा दाबाने, ढकलले जाते. मुख्य पंपापासून नोझलपर्यंत मात्र दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो. यातील पुढच्या दोन टप्प्यांत फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकते आणि डाग दिसतो. पहिल्या टप्प्यात ओढ असल्यामुळे डिझेल बाहेर येत नाही, उलट हवाच आत शिरते. जमीन कोरडी, नळी कोरडी, आणि तरी गाडीने 'एअर घेतलेली' असते. शिवाय रात्री गाडी उभी असता त्याच फटीतून हवा येते आणि नळीतील डिझेल हळूहळू टाकीत परतते. सकाळी फीड पंपाच्या वाट्याला डिझेलऐवजी हवाच येते. थेंब कोठेच दिसत नाही म्हणून दोष नाही असे मानणे, ही येथील नेहमीची फसगत होय.

आता तपासणीचा क्रम पाहू. आधी बॅटरी पाहावी. इंजिन मंद फिरले तर हवा तापतच नाही. नंतर सेल्फ मारताना धुराड्याकडे लक्ष द्यावे. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. तेथे थंडी, कमी कॉम्प्रेशन किंवा फवाऱ्याची चुकलेली वेळ यांचा संशय घ्यावा.

धूर नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी फीड पंपावरील हातपंप चालवून हवा काढावी. त्यानंतर गाडी चटकन सुरू झाली, तर डिझेल रात्रीत परतते हे नक्की. मग फीड पंपाच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी लावावी. चालू इंजिनात तीत बुडबुडे दिसले, तर दोष टाकीच्या बाजूस आहे. तांब्याचे वॉशर, भेगाळलेली रबरी नळी, पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याची रबरी कडी आणि टाकीतील शोषनळी एकेक करून तपासावी. बुडबुडे नसतील तर फीड पंपाच्या झडपा, तुंबलेला फिल्टर आणि मुख्य पंपावरील परतीची झडप यांकडे वळावे. या झडपेची स्प्रिंग थकली की पंपात दाब टिकत नाही. फिल्टर व पंप यांच्यामध्ये दाबमापक लावल्यास हे उघड होते.

गाडी सकाळी नीट सुरू होते, पण काही मैलांनी दम तोडते, अशी तक्रार असेल तर टाकीचे झाकण उघडावे. फुस्स आवाज झाल्यास झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे. आणि गाडी थंड असता सुरू होऊन गरम असता हट्ट करत असेल, तरच मुख्य पंपाच्या झिजेचा संशय बळकट होतो. कारण तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या दट्ट्याच्या कडेने निसटते. पंप उतरवण्याची वेळ येते ती येथे, सर्वांत शेवटी.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. टाकीखाली जाळ करू नये. हवेच्या वाटेत पेट्रोलचा बोळा धरू नये. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात नेऊ नये. तो कातडी भेदून आत शिरतो आणि जखम दिसायला लहान असली तरी तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत दाब याहून कित्येक पट असतो, म्हणून त्यांच्या नळ्या घरी सैल करू नयेत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने एवढे तरी करावे. पाहणीस पहाटे जावे आणि आधी इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट लागले, तर व्यवहार दुसऱ्या दिवसावर ढकलावा. रात्रभर उभी राहिलेली गाडी आपल्यासमोर पहिल्यांदा कशी सुरू होते, हे पाहिल्यावाचून घरची पुंजी कोणाच्याही हाती देऊ नये.